नदी वळवण्यापूर्वी नदीकाठाला विचारा

ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली आणि विदर्भात वर्षानुवर्षे केवळ चर्चेत असलेली एक योजना शासनाच्या दप्तरी अधिकृतपणे दाखल झाली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून वैनगंगेचे अतिरिक्त पाणी घ्यायचे, सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने ते पश्चिमेकडे न्यायचे आणि थेट बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत पोहोचवायचे, असा हा बेत आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांतील सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर शेती त्यामुळे ओलिताखाली येईल, असे शासनाने सांगितले. मान्यतेच्या वेळी खर्चाचा अंदाज सुमारे ८८ हजार ५७५ कोटी रुपयांचा होता. एवढ्या विस्ताराची पाणीयोजना महाराष्ट्राने क्वचितच हाती घेतली असेल.

या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू कापूसपट्ट्याने गेल्या अडीच-तीन दशकांत काय भोगले, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी सांत्वनाला गेलेल्या कार्यकर्त्यांनी ते दुःख जवळून पाहिले आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष आकड्यांनिशी मांडला, त्यालाही चार दशके होऊन गेली. देशातील नद्या जोडण्याचा विचार अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनाने गांभीर्याने पुढे नेला आणि २००२ च्या अखेरीस सुरेश प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमले, तेव्हा 'एका भागाचा पूर दुसऱ्या भागाची तहान भागवील' ही आशा सामान्य माणसाच्याही मनात रुजली. ती आशा चुकीची नव्हती. म्हणूनच ही योजना व्हावी आणि चांगली व्हावी, या इच्छेने काही प्रश्न आज विचारले पाहिजेत. काम सुरू झाल्यावर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे मिळत नाहीत, मिळतात ती केवळ आश्वासने.

वैनगंगा गोसीखुर्दपाशी संपत नाही. धरण ओलांडून ती दक्षिणेकडे वाहू लागते. उजव्या हाताला चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी आणि सावली, डाव्या हाताला गडचिरोलीतील देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली आणि चामोर्शी असे तालुके ओलांडत ती जाते. मार्कंडादेवाच्या प्राचीन मंदिराला वळसा घालून ती चपराळ्याजवळ वर्धेला भेटते, प्राणहिता हे नाव धारण करते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. या काठावर धान पिकते. ढिवर समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी याच पात्रात चालते. गडचिरोली शहराची तहान हीच नदी भागवते. धरणाच्या खालच्या अंगाला असलेले हे दोन्ही जिल्हे नव्या योजनेच्या लाभक्षेत्राच्या यादीत नाहीत. तसे नसणे हा काही अन्याय नव्हे, कारण पाणी दुष्काळी भागात न्यायचे आहे. परंतु वरून किती पाणी उचलले जाणार आणि खाली किती उरणार, या प्रश्नाचा सर्वांत निकटचा संबंध ज्यांच्याशी आहे, ते काठावरचे लोक योजनेच्या नकाशातच नसावेत, ही गोष्ट मात्र मनाला खटकते.

कायदा काय सांगतो, तेही पाहू. पर्यावरणीय परिणामांबाबतची केंद्र शासनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. मोठ्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी लोकांची जनसुनावणी घ्यावी, तिची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थानी असावे, अशी तीत तरतूद आहे. परंतु ही सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट, जिल्हानिहाय व्हायची असते. म्हणजे कालवा ज्या जिल्ह्यातून जाईल तेथे मंडप पडेल. पाणी जेथून कमी होईल तेथे पडेलच, असे नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा आहे, गडचिरोलीचा मोठा भाग त्याच्या कक्षेत येतो. विकास-प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे तो सांगतो. पण येथे जमीन कोणाचीच घ्यायची नाही! जमीन जात असेल तर कायदा आपल्याला विचारतो, नदी जात असेल तर विचारत नाही. कायद्यातील या पोकळीवर कोणी एक अधिकारी वा एक पक्ष दोषी नाही. पण ती पोकळी आहे, आणि ती भरून काढणे हे सुज्ञ शासनाचे काम आहे.

आता थोडा हिशेब. या योजनेत सुमारे १ हजार ७७२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साधारण ६२.५७ टीएमसी पाणी वळवण्याचे नियोजन आहे. त्यातील १ हजार २८६ दशलक्ष घनमीटर सिंचनासाठी, ३२ पिण्यासाठी आणि ३९७ उद्योगांसाठी आहे. पिण्याच्या पाण्याच्या बारा पटींहून अधिक पाणी उद्योगांना! उद्योगांना पाणी देऊ नये असे कोणी म्हणणार नाही; विदर्भातील तरुणांना रोजगार हवाच आहे. परंतु तहानलेल्या गावांच्या नावाने मागितलेल्या पाण्यात गावांच्या घागरीचा वाटा एवढा लहान का, हे समजून घेण्याचा अधिकार लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यालाही आहे आणि नदीकाठच्या ढिवरालाही. 'अतिरिक्त पाणी' हा शब्दही तपासून घेतला पाहिजे. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी वैनगंगा एप्रिल-मेमध्ये वाळूतून वाट काढणारी एक क्षीण धार होते. ऑगस्टमध्ये अतिरिक्त असलेले पाणी मे महिन्यात अतिरिक्त नसते. म्हणून वार्षिक बेरजेवर समाधान मानता येत नाही. महिन्यामहिन्याचा ताळेबंद लोकांपुढे यायला हवा.

काठावरच्या माणसाच्या मनात शंका का येते, हे समजण्यासाठी गोसीखुर्दचाच इतिहास पुरेसा आहे. या प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटी रुपये धरला होता. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढे याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पण तोवर खर्च फुगत गेला होता आणि १८ हजार ४९४ कोटींचा सुधारित अंदाज मांडावा लागला, म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ पन्नास पट. प्रकल्पाची नियोजित सिंचनक्षमता २ लाख ५० हजार ८०० हेक्टर. तीत भंडाऱ्याच्या वाट्याला ८९ हजार ८५६, नागपूरला १९ हजार ४८१ आणि चंद्रपूरला तब्बल १ लाख ४१ हजार ४६३ हेक्टर, म्हणजे निम्म्याहून अधिक! चार दशके लोटली तरी कालव्यांच्या जाळ्याचे काम सुरूच राहिले. ज्या शेतकऱ्याच्या वडिलांना या धरणाचे पाणी देण्याचे वचन दिले होते, त्याने आपल्या बांधापर्यंत चारी येण्याची वाट पाहत असताना त्याच धरणाचे पाणी चारशे किलोमीटर दूर जाणार असल्याचे वाचले, तर त्याच्या मनात काय येईल? त्याला प्रांतद्वेष्टा म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याला हिशेब दाखवावा लागेल.

पाणी कमी होण्याची जशी भीती, तशीच ते अकस्मात वाढण्याचीही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर आणि खाली गोसीखुर्द येथून प्रचंड विसर्ग झाला, तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडजसारख्या गावांना पाण्याने वेढले आणि देसाईगंज, आरमोरीकडचे उभे धान पाण्याखाली गेले. वेळेवर व पुरेशी सूचना मिळाली नाही, अशी लोकांची तक्रार होती. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचाचा अनुभव याहून कडू आहे. तेलंगणाच्या काळेश्वरम योजनेतील मेडीगड्डा बंधाऱ्याबाबत ऑगस्ट २०१६ मध्ये दोन राज्यांत करार झाला, जून २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पाणी उपसले जात होते तेलंगणासाठी; बंधाऱ्याच्या फुगवट्याची धास्ती मात्र सिरोंचाच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला आली. जुलै २०२२ च्या महापुरात त्यांची शेती उद्ध्वस्त झाली, जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांना उपोषणाला बसावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर या बंधाऱ्याचे काही खांबच खचले. राजधान्यांत करार झाले, छायाचित्रे निघाली. पण ज्याच्या दारात पाणी येणार होते त्याचे म्हणणे कोणत्या कागदावर नोंदले गेले?

विचारले नाही तर काय होते, याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण विदर्भाबाहेरचे आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी सुमारे पस्तीस किलोमीटरची बंदिस्त जलवाहिनी आखली गेली. तांत्रिकदृष्ट्या कल्पना बिनतोड होती: नदीपात्रातून पाणी सोडले तर गळती होते, प्रदूषण होते, नळातून नेले तर थेंबन्‌थेंब शहराला मिळतो. पण नदीतून पाणी वाहणेच बंद झाले तर काठावरच्या विहिरींचे आणि उपसा सिंचनाचे काय, हा मावळातल्या शेतकऱ्याचा प्रश्न अभियंत्यांच्या हिशेबात बसला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनीच, बऊर येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचे प्राण गेले. त्यांत एक महिलाही होती. त्यानंतर ती योजना वर्षानुवर्षे रखडली. शहराला पाणी मिळाले नाही, शेतकऱ्याला न्याय मिळाला नाही आणि तीन घरांतील माणसे कायमची गेली. काठावर जाऊन दहा बैठका घेण्याचे कष्ट आधी घेतले असते, तर त्यांची किंमत याहून नक्कीच कमी भरली असती.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातही हाच धडा मिळतो. नाशिक-नगरची धरणे भरायची की जायकवाडीत पाणी सोडायचे, हा वाद दर दुष्काळात पेट घेतो. समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात आले, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे सूत्र मांडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. हे सारे धरणे बांधून कैक वर्षे झाल्यावर! वैनगंगेच्या बाबतीत आपल्या हातात अजून वेळ आहे. भांडण लागण्यापूर्वीच वाटणी लिहून ठेवणे हे शहाण्या घराचे लक्षण असते.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करावयास हवे. जनसुनावणी म्हणजे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. मराठीत असतो तो सारांश. सूचना अशा वृत्तपत्राच्या अशा कोपऱ्यात छापली जाते, की ती दुर्गम टोल्यावर पोहोचत नाही. मंडपात पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या, मागे उभे असलेले गावकरी. एखाद्याने धीर करून प्रश्न विचारलाच तर त्याच्यावर 'विकासविरोधी' असा शिक्का. गडचिरोलीत तर याहून भयंकर शिक्का तयार असतो! माओवादाने या जिल्ह्याचे अपरिमित नुकसान केले, निरपराध वनवासींचे आणि जवानांचे रक्त सांडले, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु म्हणूनच, सनदशीर मार्गाने सभेत उभा राहून प्रश्न विचारणारा वनवासी हा लोकशाहीचा सर्वांत मोठा विजय आहे, हे ओळखायला हवे. त्याचा आवाज दाबला तर ज्यांना लोकशाहीच नको आहे त्यांच्या प्रचाराला बळ मिळते. आपल्यापैकी काही जणही उत्साहाच्या भरात हा शिक्का वापरतात. ही सवय आपण सोडली पाहिजे.

लोकांना विचारल्याने कामे अडतात, हा समज गडचिरोलीनेच खोटा ठरवला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहानसे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाने दिली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजवली: आधी विषय समजून घ्यायचा, जाणकाराला बोलवायचे, शंका विचारायच्या, आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा. बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने! वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १ हजार ८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. त्यांच्या सर्वच विचारांशी आपले जुळेल असे नाही. पण अक्षरओळख कमी असलेले लोक गुंतागुंतीचा विषय समजून घेऊन जबाबदारीने निर्णय करू शकतात, हे त्यांनी दाखवले, आणि ही आपल्या ग्रामपरंपरेचीच देणगी आहे.

पाण्याचे शहाणपण तर या भागात मुरलेलेच आहे. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनी दिल्या, कोहळी समाजाने जमिनीचा उतार नजरेने मोजून तलाव उभे केले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि 'माजी मालगुजारी' हे नाव घेऊन, लोकांच्या बोलीत 'मामा तलाव' होऊन, गाळाने भरत राहिले. तलावाची पाळ कोणी दुरुस्त करायची आणि पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचे, हे पूर्वी गाव बसून ठरवत असे. सावली तालुक्यातील इंग्रजी अमदानीतला आसोलामेंढा तलाव गोसीखुर्दच्या कालव्याशी जोडून नव्याने उपयोगात आणण्याचे काम हाती घेतले गेले. जुन्याला नव्याची जोड देण्याची ही दिशा योग्य आहे. ८८ हजार कोटींच्या योजनेबरोबरच या तलावांचा गाळ काढण्याची निश्चित तरतूद झाली, तर खालच्या अंगाच्या लोकांना आपणही या कामाचे भागीदार आहोत असे वाटेल.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कायद्याने बंधन असो वा नसो, ब्रह्मपुरी, सावली, देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली आणि चामोर्शी येथे शासनाने स्वतःहून सुनावण्या घ्याव्यात. आणि त्या आराखडा पक्का होण्यापूर्वी घ्याव्यात. पाण्याचा महिनावार ताळेबंद सोप्या मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा; जेथे गोंडी, माडिया बोलली जाते तेथे त्या भाषेत समजावून सांगावा. उन्हाळ्यात धरणाखाली किती पाणी सोडले जाईल, हे आकड्यात लिहून द्यावे आणि तो आकडा बंधनकारक असावा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात येते. ते शुद्ध केल्याखेरीज पुढे जाणारे पाणीही स्वच्छ असणार नाही, हे लाभार्थी जिल्ह्यांनीही ध्यानात घ्यावे. चंद्रपूर जिल्ह्यातील राहिलेले कालवे नव्या कालव्याच्या आधी पूर्ण व्हावेत. आणि सुनावणीत आलेल्या प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर मिळावे, मग ते नकाराचे का असेना. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जानेवारी २०२५ मध्ये गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःकडे घेतले. विदर्भाच्या या योजनेविषयी त्यांना आस्था आहे आणि या जिल्ह्याचे पालकत्वही त्यांनी आपणहून स्वीकारले. त्यांनी मनावर घेतले तर या सर्व गोष्टी एका शासन निर्णयाने होऊ शकतात.

कार्यकर्त्यांचेही काही कर्तव्य आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले, लेखा तपासणारे, वकिली करणारे अनेक जण आपल्या घराघरांत आहेत. चार-चार जणांचे गट करून त्यांनी प्रकल्पाचा अहवाल वाचावा, त्याचे मराठी टिपण करावे आणि ते घेऊन वैनगंगेच्या काठावरच्या गावांत मुक्काम करावा. बुलढाण्याच्या कार्यकर्त्याने आरमोरीला यावे, आरमोरीच्या कार्यकर्त्याने एकदा मे महिन्यात बुलढाण्याचे टँकर पाहावेत. आपले पाणी कोणाच्या घरी जाते आहे आणि कोणाच्या घरून येते आहे, हे दोन्ही कुटुंबांना कळले तर देण्यात कृपणता राहणार नाही आणि घेण्यात उद्दामपणा राहणार नाही. नदीजोड म्हणजे केवळ दोन पात्रांची जोड नव्हे, ती दोन काठांवरच्या समाजाची जोड व्हायची असेल, तर कालव्याची पहिली कुदळ पडण्यापूर्वी वैनगंगेच्या खालच्या काठावर एक सतरंजी अंथरली पाहिजे, आणि तेथे शासनाने बोलण्याआधी ऐकले पाहिजे.